छत्री बियाण्याला, ऊन मामाला

छत्री उघडी धरून स्वतः रणरणत्या उन्हात बसणारा माणूस मी मुखेड तालुक्यात एकच पाहिला: किसनमामा. छत्री असायची औषधात भिजवून सुकत घातलेल्या चवळीच्या बियाण्यावर. "बी सावलीत वाळाया पायजे, सायेब. मला कुटं पेरायचंय?"

मामा कायम खवळलेले. कोणी औषधाविना कोरडंच बी पेरताना दिसलं की बांधावरून ओरडायचे, "आधी अक्कल भिजत घाला!" चवळीचा करपा बियाण्यातूनच येतो, हे त्यांना पटलं होतं, गावाला नव्हतं. गाव म्हणे, मामाची चवळी येऊ द्या, मग बघू.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा आमच्या शेती कचेरीतले जाणते बदल्या करून तिकडे गेले आणि सल्ला द्यायला नवखा मी उरलो. दुष्काळात पोटाला चिमटा घेऊन मामांनी राखलेली दोन पायल्या चवळी समोर होती. मी ऐटीत सांगितलं, "आधी गुळाच्या पाण्यातून जिवाणू खत चोळा, मग करप्याच्या औषधात भिजवा."

नेमकं उलटं! ते औषध रोगाचे जिवाणू मारतं, तसे मुळांवर गाठी धरून रोपाला नत्र पुरवणारे खताचे जिवाणूही मारतं. आधी औषध, शेवटी खत, हे मला कचेरीत परतल्यावर कागद वाचून कळलं. तोवर मामांनी पेरून टाकलं होतं. मी कागद गुपचूप फायलीत सारला.

महिन्याभरात चवळी पिवळी पडून थबकली. मामा कचेरीत भर मीटिंगमध्ये घुसले आणि उपटलेलं रोप माझ्या चहाच्या कपाशेजारी आपटलं.

"मुळाच्या गाठी दावा!"

एकही नव्हती.

"पावण्याला आवतन दिऊन बोलावलं, आन वर जहर पाजलं! सरकार तुमाला पगार कशाचा देऊन राहिलं?"

पुढचे पंधरा दिवस मी त्या गावाच्या फाट्यावर एस्टीतून उतरलोच नाही. शेवटी मन घट्ट करून कबुली द्यायला गेलो, तर पारावर मामांचाच आवाज चढलेला.

"औषध ब्येस हाय! म्याच येड्यानं उलटं केलं. पुढल्या साली तुमी नीट करा."

लोक पोट धरून हसत होते. मी पुढे सरसावलो. "अहो, चूक माझी..."

मामांनी दंडाला धरून मला लिंबामागं ओढलं. "गप ऱ्हावा! तुमच्यावरला इस्वास उडाला, तर हे लोक जलमभर रोगट बीच पेरतील. मला हसू द्या की त्येंना. घरी कोन बसलंय वाईट वाटून घ्याया?"