धाकू पेंटरची भिंत

बोर्ली पंचतनच्या बाजारात महादूशेटचं हॉटेल होतं. त्याने पाटीवर 'पंचक्रोशीतला सर्वोत्कृष्ट चहा' असं रंगवून मागितलं. धाकू पेंटरने चार दिवस तिथे चहा प्यायला, मग दिघीपर्यंत चालत जाऊन वाटेतल्या तीन हॉटेलांतला प्यायला, आणि पाटी रंगवली: 'चहा. गरम असतो.'

महादूशेट त्याच्या अंगावर धावून गेला. धाकूदादा शांतपणे ब्रश पुसत म्हणाला, "गरम असतो का न्हाय? मग? थंड लिवलाय का मी?"

"अरे, पण सर्वोत्कृष्ट लिहायला तुझं काय जातंय?"

"अक्षर माझं हाय ना?"

हे त्याचं पालुपद. या चार शब्दांपुढे बाजारात कुणाचं काही चालत नसे. शिवाय अक्षर खरोखरच इतकं सुंदर की पाटी फेकूनही देववत नसे. महादूशेटने ती शिव्या देत देत लावली आणि रोज पुसत राहिला.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा मी बोर्लीच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो. धाकूदादा तेव्हा पन्नाशीचा, काटकुळा, डोक्याने तुळतुळीत, एकटाच राहणारा. त्याच्या सदऱ्यावर बाजारातल्या एकूण एक दुकानाचा रंग होता. विडीच्या जागी कानावर ब्रश.

एकदा शाळेत साहेब तपासणीला यायचे होते. हेडमास्तरांनी फाटकावर 'आदर्श शाळा' लिहायला सांगितलं. धाकूदादा आठवडाभर माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसला. मी घसा फोडून अपूर्णांक शिकवले, एरवी शिकवतो त्याच्या दुप्पट. शनिवारी फाटकावर अक्षरं उमटली: 'शाळा. बरी आहे. चौथीचे गणित कच्चे.' चौथी माझ्याकडे होती. साहेब पोट धरधरून हसले आणि मी महिनाभर धाकूदादाशी बोललो नाही.

केसांच्या तेलाची जाहिरात आली तेव्हा तर त्याने कमाल केली. महिनाभर तेल फक्त डाव्या अर्ध्या टकलाला चोळलं. उजवं अर्धं कोरडं, तुलनेसाठी. महिन्याने सगळ्या बाजाराला डोकं वाकवून दाखवलं. दोन्हीकडे सारखाच उजेड. मग भिंतीवर गुडघ्यापर्यंत केसांची देखणी बाई काढली आणि खाली लिहिलं, 'बाईचे केस आधीपासूनच लांब होते.'

नारळी पौर्णिमेच्या आधी कोळी आपल्या होड्या रंगवून नावं घालून घेत. एका म्हाताऱ्या तांडेलाला 'दर्याचा राजा' हवं होतं. धाकूदादाने 'दर्याचा पाव्हना' घातलं. तांडेलाची पोरं चिडली. म्हातारा मात्र त्या अक्षरांकडे बघून म्हणाला, "ऱ्हाऊ दे. खरां हाय."

पण सगळे काही तांडेल नसतात. दुकानदार हळूहळू माणगावहून पेंटर बोलवायला लागले आणि धाकूदादाची चूल एक वेळ पेटू लागली. अशात मुंबईहून टॉनिकच्या कंपनीचा माणूस आला, बोर्लीच्या उकाड्यात टाय बांधून. बारा भिंती रंगवायच्या होत्या, आणि खाडीपलीकडच्या आगरदांड्याच्या धक्क्यावरची एक मोठी भिंत. वर्षभराची ददात मिटली असती. मीच मध्यस्थी केली.

धाकूदादाने आधी तांदळाचं पोतं उचलून बघितलं. हललं नाही. मग सगळ्यांसमोर टॉनिकची अख्खी बाटली रिचवली, ढेकर दिली आणि पुन्हा पोत्याला हात घातला.

"आधी उचलत नव्हतं, आताबी उचलत न्हाय," त्याने जाहीर केलं. "चव बरी हाय. 'चव बरी' लिवतो."

कंपनीचा माणूस समजूतदार निघाला. "ठीक आहे, मजकूर हलका करू," तो म्हणाला. "पण धक्क्याची भिंत पहिली. होडीची वाट बघणारं सगळं गिऱ्हाईक तिथंच उभं असतं."

धाकूदादाचा चेहरा एकदम उतरला. "ती भिंत न्हाय," एवढंच बोलून तो चालायला लागला.

"परवापर्यंत बघतो," तो माणूस मला म्हणाला, "नाहीतर माणगावचा पेंटर आहेच."

मला धाकूदादाचा मनस्वी राग आला. तत्त्व वगैरे ठीक, पण भिंतीचा काय दोष? दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी त्याच्या घरी गेलो तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "चुन्याची बालदी घेऊन दिघीला गेलाय. पाऊस सरला की दर वर्साला जातो. कुठं, त्ये इचारू नका. बोलत न्हाय."

मी दिघी गाठली आणि होडीत बसून खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरलो. धक्क्यावरच्या त्या मोठ्या भिंतीला धाकूदादा चुना देत होता. पावसाने जुना चुना धुऊन काढला होता आणि खालून तांबडी अक्षरं वर आली होती: 'खोकला आठ दिवसांत गायब!' त्या 'ख'ची शेपटी मी कुठेही ओळखली असती.

"धाकूदादा, ही तुमची अक्षरं?"

त्याने मागे वळून बघितलं नाही. "लगीन नवं होतं तवाची. कंपनी दुसरी, बाटली तीच. आमची यसोदा वाचायला कुठं शिकली, ठाव हाय? माझ्या पाट्यांवर. साळंत कंदी गेली न्हाय. खोकला लागला म्हून मुरूडच्या डाक्टरकडं न्यायला निघालो. हितं उतरलो आन् तिनं ह्ये वाचलं. एकेक अक्षर लावून, मोठ्यानं. म्हनली, अक्षर तुमचं हाय ना? मग डाक्टर कशाला?"

चुना बालदीत ठिबकत होता.

"मला ठाव होतं, मी कंपनीनं दिलं त्ये लिवलंय. पन गुर्जी, बोललो न्हाय मी. तिनं माझं अक्षर वळखलं, त्येचाच आनंद झाला मला. बाटली घेतली आन् माघारी फिरलो. फुडच्या पावसाळ्यापातूर बी ऱ्हायली न्हाय ती."

मी भिंतीजवळ जाऊन त्या तांबड्या अक्षरांवर बोट फिरवलं.

"आणि हे दरवर्षी वर येतं?" मी विचारलं.

"रंग चांगला वापरलेला. समद्या जाहिरातीत तेवढाच खरा."

"उद्या-परवा माणगावचा पेंटर येऊन पुन्हा तेच लिहील, धाकूदादा."

"लिवू दे. मी हायच."

बालदीत दुसरा कुंचला होता. मी बाह्या सरसावल्या आणि 'गायब'कडून सुरुवात केली. तो 'खोकला'कडून आला. ऊन चढलं, होडीची माणसं येऊन गेली, कुणी काही विचारलं नाही. काम झालं तसे आम्ही चार पावलं मागे सरून उभे राहिलो.

"दिसतंय का वं?" त्याने डोळे बारीक करून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "काही दिसत नाही."

तो माझ्याकडे वळला. "गुर्जी, खरं सांगा."

"'ख' दिसतोय. थोडा."

त्याने मान हलवली आणि कुंचला पुन्हा बालदीत बुडवला.