घळीतली पाच शेवळं

समस्त वसईकरांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की जूनमध्ये आपण जी शेवळाची रानभाजी मिटक्या मारत खातो, तो खून आहे. भाजी नव्हे, खून. आणि मी, माझी बायको व पापडी गावचा अख्खा बाजार त्यातले आरोपी आहोत.

हा निकाल आमच्या शेजारच्या राऊत सरांचा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, अंगाने काडी आणि आवाजाने भोंगा. डोंगरातल्या बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बाजारात बसल्या, की सर पिशवी न घेता हजर. जुडी उचलायची, नाकाशी धरायची आणि विचारायचं, "ही मूळची कुठली?"

"डोंगरातली. आनखी कुठली?"

"कुठल्या डोंगरातली?"

"बाबा, घ्यायची नाय तं वाट सोड. गिऱ्हाईक खोळंबलंय."

मग सर गिऱ्हाइकांकडे वळायचे. "हा देठ नाही, फूल आहे! हे खुडलं की यंदा बी नाही. बी नाही म्हणजे प्रवास बंद!"

हा प्रवास त्यांनी मला बाल्कनीतून इतक्यांदा ऐकवला, की मी झोपेतही सांगेन. फार पूर्वी उत्तरेकडे बर्फ साठलं, तेव्हा आपल्याकडचा पाऊस रोडावला. जंगलं आटली. मोठ्या झाडांच्या सावलीत जगणारी शेवळासारखी चिल्लीपिल्ली बहुतेक मेली. उरली ती एखाद्या ओल्या घळीत. पाऊस परतला, तशी ती तिथून निघाली. "एका पिढीला चार पावलं, देसाई! बुलबुल फळ खाणार आणि शेजारच्याच झुडपावर बसून बी टाकणार. हजारो वर्षं चालतायत बिचारी. वसईचा किल्ला बांधणारे तर काल आले! आणि तुम्ही ती खोबरं घालून खाता."

पूर्वेच्या डोंगरात त्यांनी अशी एक घळ शोधली होती. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या त्यांच्या विद्यार्थ्याने पानांमधली जनुकं तपासून कळवलं, की सगळ्यांत जास्त वैविध्य या घळीत आहे. आसपासच्या डोंगरांवरची शेवळं हिच्याच एकेका शाखेची. ते पत्र सरांनी मजल्यामजल्यावर वाचून दाखवलं. तळमजल्यावरच्या बाईंना वाटलं, सरांना नातू झाला. सरांना मूलबाळ नव्हतं.

मग घळीच्या माथ्यावर खदान आली. दोन वर्षांत घळ दगडांनी आणि भुकटीने बुजत गेली. तिसऱ्या पावसाळ्यात पाच शेवळं फुटली. फक्त पाच. कंद खडकाच्या भेगांत. काढू गेलं की तुटायचे. दिवाळीनंतर तिथेही सुरुंग लागणार होता. त्याआधी फळं धरली, तर बी हाती येणार. नाहीतर संपलं. सर रोज छत्री घेऊन राखणीला जायचे आणि परत येताना माझ्या दारावर टिचकी मारायचे. "पाचही आहेत."

त्याच दिवसांत नलूकाकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, डॉक्टरांनी इस्पितळातून घरी न्यायला सांगितलं. आता उपाय उरला नाही, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही. काकूंच्या पोटात पेजही ठरेना. सर चमचा पुढे करायचे, काकू तोंड फिरवायच्या. एकदा मीच विचारलं, "काकू, काय खावंसं वाटतं?"

काकूंनी सरांकडे पाहिलं. "शेवळाची भाजी. पण सांगून काय उपयोग? लग्न झाल्यापासून या घरात बंदी आहे."

सर उठून बाल्कनीत गेले.

बाजारातली शेवळं तोवर संपून गेली होती. घळीत गारवा, म्हणून तिथली उशिरा फुटायची.

दुसऱ्या दिवशी सर आमच्या दारात उभे. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपर फुटलेलं, छत्री कुठेतरी हरवलेली. माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, शेवळाची खाज मारायला चिंच किती घालायची?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत आलो. त्या दिवशी पुढे होऊन त्यांच्या कोपराला माझा रुमाल लावला.

"पाचही?" मी विचारलं.

"सोललं की मूठभरच उरतं," सर म्हणाले. "वाटीभर तरी व्हायला नको?"

चिरण्यापासून फोडणीपर्यंत त्यांनी माझ्या बायकोला हात लावू दिला नाही. खोबरं करपलं, चिंच जास्त पडली. वाटी त्यांच्या घरी नेली, तेव्हा मी काकूंना उशीला टेकवून बसवलं. सरांनी पहिला घास भरवला. काकूंनी तो गिळला. मग दुसरा. मग त्यांनी वाटीच सरांच्या हातातून ओढून घेतली आणि बोटाने तळापर्यंत पुसली. सर रिकामा चमचा धरून तसेच उभे होते. काकूंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"उद्यापण हीच करा!"