कव्हरातला आवाज

कव्हरकाकांनी फोनच्या कडेचं बटण पुन्हा दाबलं. पडद्यावरची आवाजाची रेघ केव्हाच माथ्याला टेकली होती, पण काका काही दाबायचे थांबेनात. शेवटी फोननेच सूचना दिली, की इतक्या मोठ्या आवाजाने कानांना इजा होऊ शकते.

"कानाला इजा होईल म्हणतोय," काका म्हणाले. "अरे, आधी कानापर्यंत पोच तर खरा!"

समोर स्टुलावर स्पीकर वाजत होता. म्हणजे वाजत असावा. दोन घरं पलीकडे कुणी खिडकी लावून बासरी वाजवावी, तसं काहीतरी येत होतं आणि पंख्याच्या वाऱ्यावर विरून जात होतं. दुपार कलायला लागली होती. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगत होते. त्यांना बहुतेक गाणं नीट ऐकू येत असावं, कारण ते अगदी तालात खालीवर होत होते.

काका सोफे शिवायचे. जुना सोफा उसवायचा, आतला फोम बदलायचा, नवं कापड चढवून द्यायचं, हा त्यांचा धंदा आणि घराची पुढची खोली हेच दुकान. गल्लीने त्यांना नाव ठेवलं होतं ते मात्र वेगळ्याच कारणाने. हाताशी एखादी चिंधी उरली, की काका तिचं कव्हर करत. मिक्सरला कव्हर, इस्त्रीला कव्हर, रिमोटला कव्हर, एवढंच काय, छत्रीच्या कव्हरालाही कव्हर. त्या घरात कव्हराशिवाय हिंडणारी दोनच माणसं होती, काका आणि काकू.

स्पीकर घरी आला त्याच संध्याकाळी काकांनी त्याला मरून मखमल चढवली. आतून फोमचा थर, कडेने सोनेरी पाइपिंग, आणि धूळ जाऊ नये म्हणून चेन न लावता सगळीकडून हातशिलाई. चार्जिंगच्या वायरीपुरतं एक भोक तेवढं ठेवलं. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण दिसत होता असा, की पाहुण्याने पाठीशी घेऊन टेकावं.

दुकानात हाच स्पीकर असा गरजला होता, की पलीकडच्या काउंटरवरचं बाळ रडायला लागलं होतं. घरी आल्यावर त्याने मौन धरलं. आता तुमच्या मनात काय आलं ते कळलं. पण काकांच्या मनात ते यावं कसं? आपल्या लेकराने कुणाचा गळा दाबला असेल, ही शंका आईबापांना सगळ्यात शेवटी येते.

खरं तर काका एवढे हातघाईवर आले नसते. पण हा स्पीकर म्हणजे काकूंना दिलेली भेट होती. याआधी काकांनी बायकोला एकदा इंटरलॉकचं मशीन दिलं होतं आणि एकदा कापड कापायची मोठी कात्री. दोन्ही वस्तू उत्तम होत्या, दोन्ही दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर काकूही. मग एके दिवशी काजं करता करता काकू सहज म्हणाल्या होत्या, "एकदा तरी मला असं काहीतरी द्या हो, ज्याने काही काम होत नाही." ते वाक्य काकांच्या मनात पायातल्या काट्यासारखं रुतून बसलं होतं. म्हणून गाणी आणली, तर गाणीच मुकी निघाली.

काकू बिचाऱ्या तक्रारीचा चकार शब्द काढत नव्हत्या. "येतंय की ऐकू," म्हणायच्या. "तुमचं मशीन तेवढं थांबवा. आणि असे जवळ या, तिथे नाही यायचं ऐकू." मग काका मशीन थांबवत, दुरुस्तीला आलेल्या, दातांच्या डॉक्टरांच्या अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर काकूंच्या शेजारी बसत, आणि दोघं स्टुलाकडे कान करून गाणं ऐकत. काकू आपलं मन राखतायत, असं वाटून काकांचा जीव आणखीच कासावीस होई. आणि आज संध्याकाळी स्पीकर परत करायची मुदत संपत होती.

काकांनी जावयाला फोन लावला. जावई संगणकाच्या कंपनीत होते, त्यामुळे घरातली वीज गेली तरी सासरेबुवा त्यांनाच विचारत. या वेळी मात्र त्यांनी काकूंच्या फोनवरून फोन केला, म्हणजे आपल्या फोनवर उपचार करायला हात मोकळा राहील.

"बाबा, तुमच्या फोनचा आवाज पूर्ण आहे ना?"

"इतका पूर्ण आहे, की फोनला माझ्या कानाची काळजी लागलीय."

"बंद करून चालू केलात?"

"दोनदा. तिसऱ्यांदा केलं तेव्हा त्यालाही कंटाळा आला."

"मग स्पीकरला स्वतःचं बटण असेल बघा. अधिकची खूण असते त्यावर."

काकांनी स्पीकर उचलून उलटासुलटा केला. खाली मखमल, वर मखमल, चहूकडे मखमल. "छे हो. याला एकसुद्धा बटण नाही. साधंसरळ मॉडेल आहे."

कोपऱ्यात काकूंना अचानक ठसका लागला.

"असं कसं..." जावई पुटपुटले. "बरं, मग त्याला विसरा आणि पुन्हा जोडा."

"कुणाला विसरू?"

"स्पीकरला, बाबा. फोनमध्ये 'विसरा' म्हणून पर्याय असतो. तो दाबला की झालं."

"इतकं सोपं झालंय होय!" काका हरखले. "आमच्या वेळी विसरायला वर्षं लागायची."

"कुणाला हो?" काकूंनी सुईवरची नजर न काढता विचारलं. काकांनी घाईघाईने 'विसरा' दाबलं.

नव्याने शोधल्यावर फोनच्या पडद्यावर स्पीकरचं नाव उगवलं, तेही एकाखाली एक असं दोनदा. दोन असतील तर पहिल्याचा मान मोठा, असा विचार करून काकांनी वरचं दाबलं. जोडणी झाली. गाणं सुरू केलं. स्टुलावर चिडीचूप! पूर्वी निदान कुजबुज तरी होती.

"आगीतून फुफाट्यात," काकू म्हणाल्या.

काका फोनचं बटण वर, आणखी वर दाबत राहिले. मग दोघांनाही एकदमच जाणवलं. गाणं येत होतं. चांगलं खणखणीत येत होतं, पण छतातून. विरहिणीचा तो आर्त सूर वरून खोलीत झिरपत होता, आणि दोघंही मान वर करून, तोंड उघडं टाकून ऐकत उभी होती. क्षणभर काकांना वाटलं, आपलं गाऱ्हाणं वरती कुणीतरी फारच मनावर घेतलेलं दिसतंय.

तेवढ्यात जिन्यावर पावलं धडधडली आणि वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हातमोज्यांसकट दारात उभे राहिले. त्यांच्यामागे, गळ्यात कागदी फडका बांधलेला त्यांचा पेशंट होता. त्याचा अर्धा चेहरा काळजीत होता, अर्धा भुलीत.

"काका, माझ्या दवाखान्यात कोण गातंय?"

तेव्हा उलगडा झाला. दुकान सुचवलं होतं डॉक्टरांनीच, आणि दोघांनी एकाच प्रकारचा स्पीकर घेतला होता.

"माझे दोन्ही हात यांच्या तोंडात होते," डॉक्टर म्हणाले, "आणि कपाटावरून एकदम बाई गायला लागल्या. हे दचकले आणि यांनी माझं बोट चावलं!"

पेशंटने अर्ध्या चेहऱ्याने दिलगिरी व्यक्त केली.

"आणि माझा सोफा? लोक भिंतीला टेकून दाढदुखी सोसतायत, काका. तुम्ही शब्दाचे पक्के म्हणून तुमच्याकडे दिला."

"झालाच आहे हो. सोफ्याच्या डाव्या हाताला फोमचा एक तुकडा कमी पडतोय." काकांचा आवाज पडला. "मोजून आणला होता. कुठे गेला, कळत नाही. आजवर माझं माप कधी चुकलं नाही."

काकूंना पुन्हा ठसका लागला. डॉक्टरांनी त्यांना घसा तपासून घ्यायला सांगितलं.

काकांनी वरचं नाव सोडून खालचं दाबलं. गाणं निमूटपणे छतातून उतरलं आणि स्टुलावर येऊन कुजबुजायला लागलं. "हे असं," काका हताशपणे म्हणाले. ऐकायला डॉक्टर वाकले. नीट येईना म्हणून सोफ्यावर टेकले. पेशंटही टेकला. काकू सरकल्या, काका त्यांच्या कडेला बसले. गाणं इतकं हळू होतं, की कुणाला बोलता येईना, हलता येईना. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत सोफ्याच्या उघड्या फोमवर आला. चौघांच्या माना एकाच बाजूला कलल्या होत्या, आणि बाहेरून गेलेली सायकलची घंटासुद्धा पाय न वाजवता गेल्यासारखी वाटली. पेशंटचं डोकं डॉक्टरांच्या खांद्यावर कधी टेकलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"माझा कसा अंगावर येतो," गाणं संपल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले. "हा कानात सांगतो." मग त्यांना भूल उतरत असल्याची आठवण झाली आणि ते पेशंटला धरून वर पळाले.

"बघा," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनाही आवडलं."

"ते माझं मन राखायला. तुझ्यासारखंच." काका उठले. "परत करून टाकतो. आयुष्यात एक धड भेट दिली, तीही मुकी."

"राहू द्या ना हो."

"नको." काकांना खरोखरच भरून आलं होतं. काकू त्यांच्याकडे बघत बघत चहा टाकायला आत गेल्या.

दुकानदार कव्हरासकट घेणार नव्हता, म्हणून काकांनी कात्रीचं टोक तळाच्या शिवणीत घातलं आणि थबकले. त्यांचा टाका लांब आणि उजवीकडे कललेला. हे टाके बारीक, सरळ होते, आणि गाठ आतल्या बाजूला लपवलेली. असा टाका या घरात एकच माणूस घालत होतं, उशांच्या अभ्र्यांवर, पडद्यांवर, काकांच्या सदऱ्यांच्या बटणांवर.

त्यांनी चार टाके उसवले आणि आत बोटं घातली. त्यांनी स्वतः घातलेल्या फोमच्या आत आणखी एक तुकडा होता. पिवळा, जाड, कडा नीट कापलेल्या. डॉक्टरांच्या डाव्या हाताचा फोम! त्याखाली बटणं होती, अधिकच्या खुणेसकट.

काकांनी तो तुकडा ओढला मात्र, आत कुजबुजत असलेलं पुढचं गाणं खोलीत उसळलं. कात्री थरथरली, तंतू भिरभिरले. काकांनी घाबरून तुकडा परत दाबला. गाणं पुन्हा दोन घरं पलीकडे गेलं.

दिवसाउजेडी आपलं मशीन आधी कधी थांबलं होतं, ते त्यांना आठवेना. इतकी वर्षं दोघं एकाच खोलीत बसत होती आणि मधे मशीन खडखडत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. पण हा कळसा काखेत ठेवला होता काकूंनी, आणि वर टाके घालून.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा काका शिवण घालत होते. त्या दारातच थांबल्या. त्यांची नजर सुईवर गेली, उसवलेल्या टाक्यांवर गेली, आणि कान लाल झाले.

"परत नेणार होतात ना?"

"नेतोय कसला! एवढं चांगलं मॉडेल."

"आणि आवाज?"

"जरा मोठाच आहे." काकांनी दाताने दोरा तोडला. "डॉक्टरांच्या उजव्या हातातनंही थोडा फोम निघेल म्हणतो मी."

काकूंच्या हातातला कप बशीवर किणकिणला. "त्यांना काय सांगाल?"

"सांगेन, माझं माप चुकलं."

काकू हसू दाबत सोफ्यावर सरकल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली.