तीन ब्राउझर आणि मोक्पोची गाडी

तुम्हाला म्हणून सांगतो, ब्राउझरमधलं मला जितकं कळतं तितकं आमच्या अख्ख्या इमारतीत कुणाला कळत नाही! इमारत चोवीस मजली आहे आणि निम्मे लोक कंप्यूटरवरच पोट भरतात. पण ही माणसं एकदा एक ब्राउझर धरतात आणि जन्मभर त्याच्याशीच संसार करतात. मी तसा नाही. मी घड्याळ लावून बघतो.

तर यंदा 'सेंगसेंग' नावाचा नवा ब्राउझर निघाला. ऑफिसातल्या मेंगनं मला दाखवला. "नामगुंगसाहेब, बाकीचे चालतात, हा पळतो!" मी घरी आणून तपासला. आमचा जुना निळा ब्राउझर, तो कंप्यूटरबरोबर फुकट येतो ना, तोच, हवामानाचं पान सहा सेकंदांत उघडायचा. दुसरा, सगळं जग वापरतं तो रंगीत गोळ्याचा, चार सेकंदांत. सेंगसेंग दोन! मी लगेच गावी आईला फोन लावला.

"आई, यंदा तिकिटाची काळजी सोड. माझ्याकडे नवं यंत्र आहे!"

"थोरल्या, ऐक, मी काय म्हणते..."

"तू काही म्हणू नकोस! माझं तिकीट मी काढलंच असं समज!"

"बरं," आई म्हणाली.

या 'बरं'ला मी घाबरतो. आई शहात्तर वर्षांची आहे, उंचीनं माझ्या खांद्याशीही येत नाही, पण तिनं आवाज न चढवता 'बरं' म्हटलं की मी बसायला खुर्ची शोधतो. वय वर्षं बावन्न, तरी शोधतो!

त्याला कारणही तसंच आहे. छुसॉक या आमच्या सुगीच्या सणाला सकाळी पूर्वजांपुढे ताटं मांडतात आणि तांदळाच्या दारूचा पहिला पेला थोरल्या मुलानं ओतायचा असतो. गेल्या वर्षी मला मोक्पोपर्यंतचं, म्हणजे गावाजवळच्या स्टेशनापर्यंतचं, रेल्वेचं तिकीट मिळालं नाही. बसनं निघालो, अकरा तास रस्त्यात अडकलो आणि गावी, हेनामला पोचलो तेव्हा ताटं उचलून, भांडी घासून, पालथी घालून झाली होती. पेला धाकट्यानं, ग्योंगछोलनं ओतला होता. तो आईच्या घरापासून पाच मिनिटांवर राहतो. आई मला एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षीही असंच झालं, तर हा मान ग्योंगछोलकडेच राहू दे." पाच पिढ्या थोरल्याकडून थोरल्याकडे आलेला मान माझ्या हातून, एका तिकिटापायी जाणार! वर्षभर मला हीच धास्ती होती.

सणाच्या गाड्यांची तिकिटं एकाच दिवशी सकाळी सातला सुटतात आणि सव्वासातला संपतात. म्हणून मी मोहीम आखली. आदल्या संध्याकाळी बायको आणि मुलगी यांना समोर बसवलं.

"मी कोपऱ्यावरच्या गेमिंग कॅफेत सेंगसेंग घेऊन बसणार. तिथलं इंटरनेट सगळ्यांत जोरात. तू हॉलमध्ये निळ्यावर. दाऊन तिच्या खोलीत गोळ्यावर. तिघंही तीच गाडी, तीच तीन तिकिटं. कोण जिंकतं ते बघू. तिकिटंही मिळतील आणि तुलनाही होईल!"

दाऊन कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिथं वर्गातली जागासुद्धा अशीच घड्याळ लावून पटकवावी लागते, त्यामुळे तिला यातलं थोडंफार कळतं. ती म्हणाली, "बाबा, तिघांनी आपापल्या रेल्वेच्या सभासद क्रमांकावरून करूया ना."

"वेडी का काय! तुलना करायची तर ब्राउझर सोडून बाकी सगळं एकसारखं पाहिजे. शास्त्र आहे ते! तिघंही माझाच क्रमांक वापरायचा. आणि पासवर्डही माझाच!"

"पण बाबा..."

"झोप आता. पाचला उठायचंय."

बायको उठून भांडी आवरायला लागली. ती या बाबतीत बोलत नाही. गावी पोचल्या पोचल्या तिला दोन दिवस कढईपुढे बसून टोपलीभर मासे आणि भोपळ्याचे काप अंड्यात बुडवून तळावे लागतात. तिकीट न मिळाल्याचं तिला कितपत दुःख होईल, याविषयी मला शंका आहे.

सकाळी सहाला कॅफेत पोचलो तर निम्म्या खुर्च्या माझ्यासारख्या काकांनी भरलेल्या! शेजारी रात्रभर खेळून डोळे तांबारलेला एक तिशीतला गडी वाफाळत्या शेवया ओरपत होता. त्यानं माझ्या पडद्याकडे पाहिलं.

"काका, हा कुठला ब्राउझर?"

"सेंगसेंग!" मी म्हटलं. "बघत राहा."

फोनवर तिघांना एकत्र जोडलं. सहा एकोणसाठ. सात! मी बटण दाबलं. पडद्यावर आलं : तुमच्यापुढे ४,२१२ जण आहेत.

"माझ्यापुढे चार हजार!" मी ओरडलो. "तुझं काय?"

"एकसष्ट हजार," बायको शांतपणे म्हणाली.

"दाऊन?"

"नऊ हजार. बाबा, बोलू नका ना, मी फोनचा आवाज बंद करून ठेवतेय."

बघितलंत? सेंगसेंग पहिला! मी शेजारच्याला अंगठा दाखवला. चार हजारांचे तीन झाले, तिनाचे एक, मग नव्वद, मग नऊ, आणि मी आत! सभासद क्रमांक, पासवर्ड, मोक्पो, तीन जागा. गाडी समोर उभी. डबा सात, खिडकीची जागा. 'आरक्षित करा' या बटणावर बोट नेलं, तोच पडदा पांढरा झाला.

'हा सभासद क्रमांक दुसऱ्या ठिकाणी वापरला जात असल्यामुळे तुम्हाला बाहेर काढण्यात येत आहे.'

पुन्हा रांग. तुमच्यापुढे १,३८,०६० जण आहेत.

दुसऱ्या ठिकाणी? माझा क्रमांक? माझा पासवर्ड? चोर! आणि चोराला पासवर्ड दिला कुणी? मी सेंगसेंगच्या पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात त्याचं चिन्ह होतं, एक हसरं ससुलं. आता ते माझ्याकडे बघून हसतंय असं वाटायला लागलं. एवढा वेगवान ब्राउझर, तोही फुकट! कुणी फुकट का देईल? याच पासवर्डवर माझी बँक आहे, विमा आहे, इमारतीचं दार आहे! आत्ता या क्षणी कुणी परका माणूस माझ्या दारातून आत शिरून माझ्या पादत्राणांशेजारी आपली पादत्राणं काढून ठेवत असेल!

एवढ्यात फोन वाजला. घरची जोडणी तुटली आणि पडद्यावर नाव आलं : आई.

"थोरल्या, मिळालं का?"

"हो... म्हणजे होतंय आई! अगदी दारात आहे!"

"तुझा आवाज का कापतोय?"

"इथं एसी फार आहे!"

"बरं," आई म्हणाली.

दुसरं 'बरं'! मी फोन ठेवला आणि घामेजलेल्या अंगठ्यांनी फोनवरूनच पासवर्ड बदलायला घेतला. चोराला हाकलायलाच हवं होतं. नवा पासवर्ड टाकला. 'तुमचा क्रमांक वापरणाऱ्या सर्व ठिकाणांना बाहेर काढण्यात आले आहे.' शाबास! मी खुर्चीतच मूठ आवळली. "काढला साल्याला!"

"कुणाला?" शेजारच्यानं विचारलं.

"चोराला! माझ्या नावानं आत शिरला होता."

तो शेवया चावता चावता म्हणाला, "काका, चोर चोरून चोरून मोक्पोची तिकिटं चोरेल का?"

मी उत्तर द्यायच्या आत पडद्यावर नवी पाटी. 'चुकीचा पासवर्ड पाच वेळा टाकल्यामुळे हा क्रमांक चोवीस तासांसाठी बंद करण्यात आला आहे.'

चोर फारच चिवट निघाला! सात वाजून सोळा मिनिटं झाली होती. पुढच्याच क्षणी सगळ्या गाड्यांपुढे एकच शब्द उमटला : संपली. संपली. संपली. कॅफेभर काकांचा एक सुस्कारा उठला.

"पोलिसांना कळवतो," मी म्हटलं.

"त्याआधी हे बघा," शेजारचा माझ्या फोनवर वाकला. "कुठून कुठून तुमचा क्रमांक वापरला ते इथं लिहिलेलं असतं. हे बघा, एक जागा हे कॅफे. आणि दुसरी... बेकसान इमारत, नववा मजला. ओळखीचं आहे का?"

ओळखीचं म्हणजे काय! तिथं मी अठरा वर्षं राहतोय.

आणि तेवढ्यात दाऊनचा फोन आला. ती रडत होती की किंचाळत होती, सांगता येणार नाही. "बाबा! मी आत गेले होते! तीन जागा निवडल्या होत्या, शेवटचं बटण दाबणार तेवढ्यात कुणीतरी पासवर्ड बदलला! आईनं नंतर पाच वेळा टाकून बघितला. बाबा, चोर घुसलाय!"

मी फोन कानापासून जरा दूर धरला.

"बाबा? ऐकताय ना? चोर!"

"ऐकतोय," मी म्हटलं. "चोर इथंच बसलाय."

शेजारच्यानं उरलेल्या शेवया माझ्याकडे सरकवल्या. माणूस भला होता.

घरी आलो. दाऊननं तिच्या खोलीचं दार आपटून घेतलं. बायको मात्र झाडांना पाणी घालत होती आणि चक्क गुणगुणत होती.

"अहो दाऊनचे बाबा, मनाला लावून घेऊ नका. एखाद्या वर्षी नाही गेलं तर काय आभाळ कोसळतं?"

"माझ्यावर कोसळतं!" मी म्हटलं. "आईला काय सांगू?"

"खरं सांगा."

हे तिला सोपं आहे. मी तासभर फोनभोवती फेऱ्या मारल्या. पाणी प्यायलो. नखं कापली. मृत्युपत्र करावं का, तेही मनात येऊन गेलं. शेवटी डोळे मिटून फोन लावला.

"आई... तिकीट... यंत्र चांगलं होतं गं, पण..."

"नाही मिळालं."

"नाही."

गेला मान. पाच पिढ्यांचा.

"ग्योंगछोलला..." मी कसंबसं म्हटलं, "त्याला सांग पेला..."

"थांब रे. आम्हा म्हाताऱ्यांची तिकिटं वेगळ्या दिवशी असतात, परवाच झाली. नुसता फोन करायचा. पोरगी गोड बोलत होती. पाच मिनिटांत काढली मी. आदल्या दिवशीची, सकाळची, मोक्पोपर्यंत."

मी उडीच मारली! "आई! आई गं! तू काढलीस? आमची?" डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. मागे गुणगुणणं थांबलं. पाण्याची झारी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सुनेचं आणि नातीचं," आई म्हणाली. "दोन."

"दोन?"

"तुझं तिसरं काढू का, हे विचारायलाच तोंड उघडलं होतं मी, तू नव्या यंत्राचं सांगायला फोन केलास तेव्हा. पण तू बोलू देशील तर ना! माझं काढलंच असं समज, म्हणालास. मग मी समजले."

"आई, पण..."

"सकाळी सातला ताटं मांडते मी. थांबणार नाही."

"हो आई."

"बरं," आई म्हणाली.

तर मंडळी, हे सगळं मी बसमधून लिहितोय. काल दुपारची बस होती, ती काल संध्याकाळी सुटली, इतकी गर्दी! शेजारच्या गृहस्थांनी सुटता सुटताच विचारलं, "तुम्ही कुठल्या ब्राउझरवर बसला होता?" मी झोपेचं सोंग घेतलं. बायको आणि दाऊन कालच दुपारी पोचल्या. आत्ता पहाटे पाचला बायकोचा निरोप आलाय : 'मासे तळून झाले. हाताला दोन फोड. सासूबाईंनी भावोजींना पेला ओतताना घालायचा सणाचा अंगरखा इस्त्री करून ठेवायला सांगितलाय. नुसता तयारीला, म्हणाल्या. तुम्ही कुठवर आलात?'

मी खिडकीचा पडदा सारला. समोर पाटी होती : हेनाम, १२४ किलोमीटर. पाटीखाली गाड्या उभ्या होत्या. आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.