सासरेबुवा, हीटर आणि नरसाळं

"हीटर म्हणजे काय गं? एक पंखा, दोन नळ्या आणि थोडी गरम हवा! तासाभराचं काम आहे!"

मी हे म्हणालो तेव्हा बायको तिच्या वडिलांच्या कोटाला इस्त्री करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आणि मिक्सर म्हणजे काय म्हणाला होतास?"

मिक्सरचा विषय वेगळा होता. त्याचा एक स्क्रू अजून सापडायचाय, एवढंच.

पण यावेळी प्रश्न इभ्रतीचा होता. दोन दिवसांपूर्वी सासूबाई आणि सासरेबुवांना मी स्टेशनवरून आणलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. मी ऐटीत हीटर पूर्ण फिरवला, आणि सासरेबुवांच्या तोंडावर असा गार झोत आला, की जणू बर्फाच्या कारखान्याचं दार उघडलं असावं! "होईल हां गरम, होईल," म्हणत मी चाळीस मिनिटं गाडी चालवली. घर आलं तेव्हा सासरेबुवांचा घसा बसला होता. चौतीस वर्षं भूमिती शिकवताना ज्या आवाजाने शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा उभी राहायची, तो आवाज मांजराच्या पिलाएवढा उरला होता!

आणि त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. तासाभराच्या अंतरावरच्या गावात नवं वाचनालय उघडायचं होतं, आज बारा वाजता. भाषणाचे अकरा कागद महिनाभर आधी तयार!

"टॅक्सी बोलावू," बायको म्हणाली.

"मुळीच नाही! माझ्या गाडीने गारठवलंय, माझीच गाडी ऊब देईल!"

नऊ वाजता मी अंगणात उतरलो. आधी मेकॅनिकला फोन लावला. त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं. "दहा मिनिटांत फोन करतो साहेब," म्हणाला. मी फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आणि कामाला लागलो. वाट कोण बघतो!

पहिला संशय हीटरच्या एकुलत्या एका बटणावर. ते जरा घट्ट वाटत होतं, म्हणून पकडीने थोडं, अगदी थोडं पिळलं. कट्ट! बटण माझ्या हातात आणि दांडी आत तुटलेली. ठीक आहे. तुटलं ते 'पूर्ण गरम'वरच तुटलं होतं, म्हणजे नुकसान काहीच नाही!

मग बॉनेट उघडलं. गरम हवेसाठी गरम पाणी लागतं, एवढं मला ठाऊक होतं. समोर एक टाकी दिसली, निळ्या झाकणाची, जवळजवळ रिकामी. सापडला चोर! मी दोन बाटल्या गरम पाणी तिच्यात ओतलं आणि आत बसून दिसेल ती कळ दाबली.

ती टाकी काच धुण्याच्या पाण्याची होती, हे मला त्याच क्षणी कळलं. बायकोलाही कळलं, कारण ती नेमकी गाडीसमोर येऊन उभी होती. दोन फवारे काचेवरून उडून थेट तिच्यावर! तिच्या हातात इस्त्री केलेला कोट होता.

"बाबांचा हा कोट कसा दिसतोय ते तुला दाखवायला आणला होता," ती शांतपणे म्हणाली. ती शांतपणे बोलते तेव्हा मला जास्त भीती वाटते. "एकच कोट आणलाय त्यांनी."

इकडे हे चाललेलं, तिकडे घरात भलतंच सुरू झालं होतं. सासूबाईंनी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात निरोप ठेवला होता आणि नंबर माझा दिला होता. ओट्यावरचा फोन वाजला. मी मेकॅनिकचं नाव 'गाडीचे डॉक्टर' असं टाकून ठेवलंय. सासूबाईंना चष्म्याशिवाय त्यातलं फक्त 'डॉक्टर' दिसलं! पुढचं बोलणं मला नंतर दोन्ही बाजूंकडून कळलं, ते असं:

"बोला, काय त्रास आहे?"

"अहो डॉक्टर, दोन दिवस झाले, ऊब म्हणून नाही! अगदी गारठा!"

"आवाज येतो का काही?"

"घरघर येते नुसती."

"किती झाले?"

"बहात्तर पूर्ण."

बहात्तर हजार किलोमीटर, असं मेकॅनिक समजला. "मग एवढं व्हायचंच. गळतंय का कुठून?"

"सारखं! नाकातून!"

"म्हणजे पुढून. पाणी कमी पडलंय, आत हवा अडकलीय. घाबरू नका. नाक वर करून ठेवा. टोपी काढा. पण गरम असताना टोपीला हात लावू नका हां, अंगावर येईल!"

"अगदी बरोबर ओळखलंत! स्वभावच तसा आहे!"

"गार असतानाच काढा. मग तोंडात नरसाळं लावून हळूहळू भरा, काठोकाठ. बुडबुडे येतील, येऊ द्या. मधूनमधून नळ्या दाबत राहा. हवा सुटली की काम झालं!"

सासूबाईंनी "देव भलं करो तुमचं" म्हणून फोन ठेवला.

मी नरसाळं शोधायला घरात गेलो. नरसाळं सापडलं. ते सासरेबुवांच्या तोंडात होतं!

चार उश्यांवर मान, नाक आढ्याकडे, लोकरी टोपी बाजूला काढलेली, टक्कल चकाकतंय. सासूबाई एका हाताने नरसाळ्यात कोमट पाणी ओततायत आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या पायाच्या नळ्या दाबतायत! सासरेबुवा डोळे गरागरा फिरवत होते. मला बघून त्यांनी हात जोडले.

"आई! हे काय करताय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय! नाक वर, टोपी काढायची, काठोकाठ भरायचं, नळ्या दाबायच्या. बघा, बुडबुडे यायला लागले!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आणि झाकण... म्हणजे टोपी गार असतानाच काढायची?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

उत्तर द्यायला वेळ कुणाला होता! मी नरसाळं खेचून घेतलं. त्यासरशी सासरेबुवांनी असा ढेकर दिला, की कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या. पाठोपाठ त्यांचा जुना, खणखणीत आवाज आला, "मूर्खांनो! मी माणूस आहे की माठ!"

"बघा! हवा सुटली!" सासूबाई टाळ्या पिटत ओरडल्या.

मी अंगणात धावलो. घरासमोरच्या चढावर गाडी नाक वर करून लावली, यावेळी खरी टोपी, म्हणजे रेडिएटरचं झाकण, शोधली, तीही बायकोला विचारून, आणि नरसाळं लावून पाणी भरत गेलो. बुडबुडे आले! नळ्या दाबल्या, आणखी बुडबुडे आले. हवा सुटली, इंजिन तापलं, आणि आतून ऊबदार वारा आला! मी चढावरच नाचलो. दुधवाला सायकल थांबवून बघत होता. बघू दे!

अकराला पाच कमी असताना आम्ही चौघं निघालो. बायकोने ओला कोट हीटरच्या झोतासमोर धरला. पंधरा मिनिटांत कोट वाळला. विसाव्या मिनिटाला सासरेबुवांनी मफलर काढला. पंचविसाव्याला दोन स्वेटर. "पुरे आता, बंद करा तो हीटर," ते म्हणाले.

मी खिशातलं तुटलेलं बटण चाचपलं. "बंद कशाला? अंगात मुरू द्या ऊब!"

वाचनालयापाशी पोचलो तेव्हा सासरेबुवा उकडलेल्या बिटासारखे लाल झाले होते. स्वागताला आलेले गृहस्थ म्हणाले, "काय तेज आहे चेहऱ्यावर!" अकराच्या अकरा कागद त्यांनी मोठ्या आवाजात वाचले. माईक बिघडला होता, तरी शेवटच्या रांगेतला एकजण दचकून जागा झाला. भाषण संपल्यावर त्यांनी गर्दीतून माझा खांदा शोधून थोपटला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच!

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. त्यांचा त्या डॉक्टरांवर फार विश्वास बसलाय, आणि गुण तर आलाच की!

हीटर त्या दिवसापासून झकास चालतोय. मेकॅनिकही म्हणाला, "साहेब, काम पक्कं केलंत!" फक्त ती आतली तुटलेली दांडी कुठे मिळत नाही, म्हणजे हवा अजून पूर्ण गरमवरच येते, आणि सध्या भर उन्हाळा सुरू आहे. ऑफिसातलं कुणी माझ्या गाडीत बसायला तयार नाही. मी मात्र रोज जातो, खिडक्या सताड उघड्या टाकून, एक जादा शर्ट सोबत घेऊन!