सत्तर टक्के ओलावा

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचं स्टोअर हिरामण पगार सांभाळायचा. त्याच्या स्टोअरमध्ये कशालाही गंज चढत नाही, ही गोष्ट त्याने स्वतःच इतक्या लोकांना सांगितली होती की एव्हाना ती सर्वमान्य झाली होती. बेअरिंग असो की बोल्ट, हिरामणच्या ताब्यात आलेली वस्तू तेलात न्हायची, कागदात गुंडाळली जायची आणि तिच्या उशाशी सिलिका जेलची पुडी यायची. ही पुडी हवेतली ओल शोषून घेते. ओल हा हिरामणचा खाजगी शत्रू होता. बायकोच्या पैठणीच्या पेटीतही त्याने दोन पुड्या टाकून ठेवल्या होत्या.

"मी मेले तर माझ्याही उशाशी एक ठेवाल," उज्वला म्हणायची.

"ठेवू की. स्टॉक आहे," हिरामण म्हणायचा.

एवढी ख्याती असल्यावर चांदवडकर साहेबांनी त्यालाच केबिनमध्ये बोलावलं यात नवल नाही. चांदवडकर साहेब म्हणजे वर्क्स मॅनेजर. त्यांनी लांबून नुसतं खाकरलं तरी लेथवर चहा पिणारा माणूस चहासकट मशिनच्या मागे जायचा. मेअखेर ते रिटायर होणार होते आणि त्याबद्दल कारखान्यात कुणाला दुःख झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

साहेबांनी दार लावून घेतलं आणि खणातून एक चपटी पेटी काढली. आत तपकिरी, जाडजूड सिगार एकमेकांना चिकटून झोपले होते.

"जर्मनीला मशिन बघायला गेलो होतो, तेव्हा त्या लोकांनी दिले. घरी नेले तर आमची ललिता मला सिगारसकट बाहेर काढेल. तुझ्याकडे ठेव."

"ठेवतो साहेब. पण मग ओढणार कधी?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. हिरामणने त्यांना असं रिकामं बघताना प्रथमच पाहिलं.

"तिथे एका रात्री जेवणानंतर अर्धा ओढला होता. काय सांगू तुला. लाकडाचा वास, कॉफीचा वास, नांगरलेल्या शेताचा वास. तीस वर्षं मी या कारखान्यात मशिनवर ओतायच्या कुलंटचा वास घेतलाय, हिरामण. शेवटच्या दिवशी गेटबाहेर खुर्ची टाकून यातला एक ओढणार आहे. सगळ्यांदेखत. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"निश्चिंत राहा साहेब. माझ्याकडे कशालाच काही होत नाही."

हे वाक्य हिरामणला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

त्याने पेटी स्टोअरच्या कपाटात ठेवली आणि सवयीने आत सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्या. साहेबांचा माल म्हणून नेहमीपेक्षा दोन जास्त. वर उन्हाळा सुरू झालेला, आणि सिन्नरचा उन्हाळा असा की दांडीवर टाकायची साडी पिळणाऱ्याच्या हातातच वाळते. पंधरवड्याने त्याने पेटी उघडली. एक सिगार जरा बोटात धरला तर तो पापडासारखा कुरकुरला आणि त्याचं टोक हिरामणच्या तळहातावर सांडलं.

पेटीच्या तळाशी एक छापील कार्ड होतं. ते आता त्याने प्रथमच वाचलं. सिगारला सत्तर टक्के ओलावा लागतो, असं त्यावर लिहिलं होतं. ज्या शत्रूशी त्याने जन्मभर वैर धरलं होतं, त्यालाच आता पाट मांडून जेवायला बोलवायचं होतं.

संध्याकाळी घरी त्याने उज्वलाला विचारलं, "सत्तर टक्के ओलावा म्हणजे किती गं?"

"कशाचा? पोळीच्या कणकेचा की थालीपिठाच्या?"

"हवेचा."

"हवेला काय, लाटायचंय?"

नाशिकच्या कॉलेज रोडला इंपोर्टेड वस्तूंचं एक दुकान होतं. मालक मनोजशेठ. त्याने एक गुळगुळीत कॅटलॉग काढला आणि सिगार ठेवायच्या पेटीचा फोटो दाखवला. तिला ह्युमिडोर म्हणतात, असं तो अदबीने म्हणाला. मग त्याने किंमत सांगितली. तेवढ्यात एक जुनी स्कूटर आली असती.

"यात सिगार असतात?" हिरामणने विचारलं.

"नाही. रिकामी."

"मग आत असतं काय?"

"ओलावा असतो."

"ओलावा आमच्या मोरीत फुकट आहे," हिरामण म्हणाला आणि उठला.

पण दुकानातून तो काहीतरी शिकून आला होता. पेटी लाकडाची हवी, झाकण घट्ट हवं. अशी पेटी कारखान्यातच होती. क्वालिटी रूममध्ये मोजमापाच्या नाजूक ठोकळ्यांची एक जुनी सागवानी पेटी भंगारात निघाली होती. झाकण लावलं की आतली हवा सुस्कारा टाकायची. फक्त जन्मभर गंजविरोधी तेल प्यायल्यामुळे तिला जरा वास होता. उज्वलाने ती रिठ्याने घासली, उन्हात ठेवली, पुन्हा घासली. वास गेला नाही, पण त्यात रिठ्याची भर पडली. क्वालिटी रूममधलंच हवेतला ओलावा दाखवणारं, घड्याळासारखं एक यंत्र त्याने मागून आणलं आणि पेटीत ठेवलं. काटा तीसवर उभा राहिला आणि तिथून हलेना.

कंपनीची बस द्वारकेच्या चौकातून सुटायची. तिथे काळूची पानाची टपरी. हिरामणने त्याला सगळं सांगितलं.

"तंबाखूचं पानच ना ते?" काळू म्हणाला. "मग पानासारखं ठेवा. ओलं फडकं. माझी पानं बघा, काल आणलीत, तरी बायको माहेरी जाताना दिसते तशी दिसतात."

हिरामणने एक फडकं घातलं. मग एकाने काय होतंय म्हणून दुसरं घातलं. पेटी घरी आणून कुलरच्या समोर स्टुलावर ठेवली, आणि घरातली माणसं घामाघूम होऊन कडेला बसली. काटा नव्वदच्या पुढे गेला तेव्हा त्याला आनंदच झाला. पास व्हायला सत्तर लागतात तर नव्वद म्हणजे डिस्टिंक्शन, असा त्याचा हिशेब.

आठवड्याभराने उज्वलाने झाकण उघडलं आणि म्हणाली, "अहो, इकडे या. यांना दाढी आलीय."

सिगारवर पांढरी, मऊ बुरशी धरली होती.

त्या रात्री हिरामण जेवला नाही. तीस वर्षं खाकरण्यापलीकडे ज्या माणसाने कुणाकडे काही मागितलं नाही, त्याने एक गोष्ट मागितली होती. आणि ती गोष्ट हिरामणने आधी वाळवली होती, मग भिजवली होती.

"साहेबांना सांगून टाका," उज्वला म्हणाली.

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो केबिनपर्यंत गेला. साहेबच म्हणाले, "माझा माल कसा आहे?" हिरामण म्हणाला, "एकदम ताजा." आणि परत आला.

शेवटी शेजारचा गोटीराम मदतीला धावला. गोटीरामची पिंपळगावकडे द्राक्षाची बाग होती आणि हंगाम नुकताच संपला होता.

"बुरशीच ना? मग कशाला लय टेन्शन घेता?" तो म्हणाला. "आपल्याकडं कागद हाय. एक्स्पोर्टच्या पेटीत घालतो तो. त्यात गंधक असतंय. पेटीत ओल आली की त्याची वाफ सुटती अन् बुरशी मरती. द्राक्ष हॉलंडला उतरतं ना भाऊ, तरी आजच तोडल्यागत."

नाशिकच्या माणसाला ही गोष्ट न पटणं अशक्य. हिरामणने फडक्याने सिगारची दाढी पुसली, वर-खाली दोन-दोन कागद घातले आणि झाकण लावलं. चार दिवसांनी बुरशीचं नाव नव्हतं. सिगार गुबगुबीत दिसत होते. रंग मात्र जरा उजळला होता.

"गोरे झालेत," उज्वला म्हणाली.

"तब्येत सुधारली," हिरामण म्हणाला. वासही होता थोडा. नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा. त्याने ते दिवसभर गच्चीत सुपात पसरून ठेवले. वास गेल्यासारखा वाटला. निदान हिरामणला तरी.

एकतीस मे उजाडला. गेटबाहेर मांडव, खुर्च्या, शाल, नारळ. पहिल्या रांगेत ललितावहिनी. भाषणं झाली. वक्त्यांनी साहेबांची शिस्त, वक्तशीरपणा आणि पुन्हा शिस्त यांचा उल्लेख केला. लोक घड्याळ बघत होते. कंपनीची बस इंजिन चालू करून उभी होती.

मग साहेब उठले. वहिनींकडे न बघता हिरामणकडे हात केला. हिरामणने ताटलीत सिगार पुढे धरला. साहेबांनी तो पेटवला, डोळे मिटले आणि मनापासून, तीस वर्षांचा, लांबलचक झुरका घेतला.

त्यांचा चेहरा आधी स्तब्ध झाला. मग लाल झाला. मग दोन्ही डोळ्यांतून पाणी सुरू झालं, आणि ते थांबेचना. ओठ थरथरले. काही बोलायला गेले, पण शब्द फुटेना.

मांडव चिडीचूप झाला. चांदवडकर साहेब रडत होते.

असेंब्लीतल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला. तिचं बघून दुसरीने. साहेबांनी आणखी एक झुरका घेतला आणि हुंदका द्यावा तसा आवाज केला. त्यासरशी युनियनचा गेणू आव्हाड, ज्याने दहा वर्षं याच गेटवर साहेबांच्या नावाने मुर्दाबाद केलं होतं, तो धावत गेला आणि त्यांच्या गळ्यात पडला. "साहेब, आम्ही तुम्हाला ओळखलंच नाही," असं तो म्हणत होता. बसच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. वॉचमन नाक शिंकरत होता. ललितावहिनी तर पार हमसून रडायला लागल्या.

हिरामणही रडला. त्या सगळ्या मांडवात खऱ्या कारणासाठी रडणारा तो एकटाच होता.

पुढच्या रविवारी तो उरलेल्या सिगारची पेटी घेऊन साहेबांच्या घरी गेला. वहिनींनी चहा आणला. "यांच्यावर लोकांचा एवढा जीव असेल, मला ठाऊकच नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, ओढा आता काय ओढायचं ते. मी काही बोलणार नाही." आणि त्या आत गेल्या.

"साहेब," हिरामण म्हणाला, "मला एक सांगायचंय."

"द्राक्षाचा कागद?" साहेब म्हणाले.

हिरामणच्या बशीतला चहा सांडला.

"चांदवडकडचा माणूस आहे मी. भावाची बाग आहे. तो वास मला झोपेतही कळेल."

"चुकलं साहेब. फार चुकलं."

"ती चव काही परत आली नाही," साहेब म्हणाले. "नांगरलेल्या शेताची. वाट बघितली होती रे तिची." मग त्यांनी पेटीच्या झाकणावरून हात फिरवला. "पहिल्या झुरक्यालाच टाकून देणार होतो. पण ती बाई रडायला लागली. म्हणून दुसरा घेतला. मग गेणू आव्हाड गळ्यात पडला."

"मग?"

"मग काय, तिसरा घेतला."

हिरामणने पेटी पुढे सरकवली. "हे बाकीचे. टाकून देऊ का?"

"वेडा आहेस का?" साहेबांनी पेटी परत त्याच्या मांडीवर ठेवली. "तूही रिटायर होशीलच की कधीतरी. वर्क्स मॅनेजरसाठी एवढा धूर लागला. स्टोअरकीपरसाठी कोण रडणार आहे? नीट ठेव."

हिरामणने मान खाली घालून पेटी काखेत मारली.

"ठेवतो साहेब," तो म्हणाला. "कागदाचा स्टॉक आहे."