कोंडाबाईच्या मातीचा नमुना

एका जंगलात, म्हणजे नेहमीच्याच, जिथे सिंह राजा असतो आणि बाकीचे सगळे अर्ज करतात, तिथे कोंडाबाई नावाची सायाळ राहत होती. मुलांनो, सायाळ म्हणजे अंगभर काटे असलेलं जनावर. तुमच्या पुस्तकात तिचं चित्र असेल, पण ती शेती करते हे लिहिलेलं नसेल. पुस्तकवाल्यांना सगळंच ठाऊक असतं असं नाही.

कोंडाबाईचं शेत ओढ्याच्या अंगाला होतं. लहानसंच. बैल दोनदा वळला की संपलं. सासूने जाताना तिला दागिना दिला नव्हता, एक वाक्य दिलं होतं. "माती कधी उघडी टाकू नगंस. आपल्याला लाज नसली तरी मातीला असती."

कोंडाबाईने आयुष्यात एवढं एकच ऐकलं. तिच्या रानात मटकी निघायच्या आत तूर वर आलेली असायची. तूर उभी असतानाच ओळींमधून जोंधळा डोकं काढायचा. जोंधळ्याची धसकटं ती जाळत नसे, जागच्या जागी कुजवायची. उन्हाळ्यात अगदीच काही नसलं तर भोपळ्याचा वेल सोडून द्यायची. सगळ्याच्या खाली गांडुळं. ती बिचारी कुणाला दिसत नव्हती आणि त्यांची तक्रारही नव्हती.

शेजारी खंडू नावाचा रानडुक्कर होता. तो शेत उभं-आडवं तीनदा नांगरायचा, काडी न् काडी जाळायचा. त्याचं शेत अंगणासारखं स्वच्छ दिसे. वारा आला की त्यातली थोडी माती उडून जाई, आणि मग ते आणखी स्वच्छ दिसे. कोंडाबाईच्या रानाकडे बघून तो म्हणायचा की हिच्या शेताची वर्षानुवर्षं वेणीफणी झालेली नाही.

असं बरं चाललं होतं. मग एक दिवस सिंहाच्या पंजाला माती लागली.

त्याने विचारलं, हे काय आहे? दरबारात कुणालाच नक्की सांगता येईना. एक जण म्हणाला धूळ, दुसरा म्हणाला चिखल. म्हणून मृदा तपासणी खातं निघालं. साहेब म्हणून कोल्होबाला नेमलं, कारण त्याच्याकडे चष्मा होता.

कोल्होबा कोंडाबाईच्या बांधावर आला. त्याने शेतात पाच ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले, माती घमेल्यात कालवली, तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले. उरलेल्याचे पुन्हा चार. असं करत अर्धा किलो माती उरवली, पिशवीत भरली आणि चिठ्ठी बांधली. कोंडाबाईला गंमत वाटली. मसाला कुटल्यावर जावा-जावा वाटणी करतात तसंच होतं ते. साहेब गेल्यावर तिने टाकलेली माती खड्ड्यांत परत लोटली आणि वर पाला पसरला.

खंडूच्या मातीचा अहवाल आठ दिवसांत आला. तिच्यात काहीच नव्हतं. कोल्होबाचा अंदाजही तोच होता, म्हणून त्याने नमुना बरोबर असल्याचा शिक्का मारला.

कोंडाबाईच्या मातीत मात्र सगळंच निघालं, आणि तेही इतकं की तक्त्याच्या चौकटीत मावेना. आता साहेबलोकांचं कसं असतं, तक्ता चुकला असं त्यांच्या मनात कधी येत नाही. कोल्होबाने लिहिलं, नमुना सदोष. दुसऱ्यांदा दहा ठिकाणची माती नेली. ती पहिल्यापेक्षा चांगली निघाली. तिसऱ्यांदा चाळीस ठिकाणची नेली. ती तर इतकी चांगली निघाली की कोल्होबाची झोप उडाली. त्याने बैठक बोलावली.

बैठकीत तो म्हणाला, "अर्धा किलो माती अख्ख्या शेताच्या वतीने बोलते. हा अधिकार तिला दिला कुणी? नमुना प्रातिनिधिक हवा. आणि शेताचं पूर्ण प्रतिनिधित्व फक्त पूर्ण शेतच करू शकतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना समजलं नव्हतं त्यांनी जास्त वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी गाढवं आली. भोपळे नुकतेच उतरवून झाले होते, जोंधळा पेरायचा होता, आणि तोवर रानावर नुसतं पाल्याचं पांघरूण होतं. कोंडाबाईने वाट अडवली, काटे उभे केले. कोल्होबाने तिला राजाच्या पंजाचा ठसा दाखवला आणि गोड आवाजात समजावलं की हे सगळं मातीच्या रक्षणासाठीच आहे, तपासून झाली की परत मिळेल, तोवर पेरणी थांबवावी. पेरणी थांबवायला सांगणारा शहाणा तिने पहिल्यांदाच पाहिला. ठशापुढे तिचं काही चाललं नाही.

दोन दिवसांत शेत उकरून झालं, थेट मुरुमापर्यंत. मातीबरोबर गांडुळं निघाली, तेव्हा मोठा घोळ झाला. नमुन्यात जिवंत काही असू नये असा नियम होता. म्हणून गांडुळं एकेक वेचून टोपलीत घातली आणि कोंडाबाईच्या हातात दिली. वर पावती. 'परकी वस्तू, मालकास परत.'

कोंडाबाई मुरुमावर बसली. तिला रडू आलं. सासू गेली तेव्हा आलं नव्हतं तेवढं आलं. माती उघडी टाकायची नाही म्हणून जन्म घालवला, आणि आता झाकायला मातीच नव्हती.

खंडू बांधावर येऊन उभा राहिला. "म्हनून सांगत हुतो," तो म्हणाला. "माती लई चांगली करू नगंस. नजरंत येती."

टोपलीतली गांडुळं वाळायला लागली होती. जोंधळ्याच्या पेरणीचे दिवसही हातचे चालले होते. कोंडाबाईने डोळे पुसले, टोपली उचलली आणि कार्यालय गाठलं.

तिथे कारकून मुंगूस बसला होता. जनावर वाईट नव्हतं, फक्त कारकून होतं. कोंडाबाईने निदान चार घमेली माती परत मागितली.

"अर्ज द्या, बाई. एकवीस दिवसांत उत्तर मिळेल."

"ही एकवीस दिस जगायची न्हाईत."

मुंगसाने टोपलीत डोकावून पाहिलं. "मग त्यांचा वेगळा अर्ज द्या," तो म्हणाला. "आणि उत्तर येईपर्यंत मागच्या आवारात थांबा. इथे गर्दी करू नका."

तर मुलांनो, कोंडाबाई नियमाप्रमाणे मागच्या आवारात गेली, हे लक्षात ठेवा. चारी बाजूंनी भिंत होती. वर पत्रे टाकायचे राहून गेले होते. आणि आत तिचं शेत होतं. पिशव्या पहिल्याच दिवशी संपल्या होत्या, म्हणून माती तशीच ओतून दिली होती. अख्खं शेत उघडं पडलं होतं.

कोंडाबाईने टोपली उपडी केली. गांडुळं घटकाभरात मातीत दिसेनाशी झाली. घरी आली होती ना ती.

मग ती थांबली. पण उघडी माती बघत नुसतं थांबायचं तिला जमेना. काट्यांत खोचलेली बियाण्याची पुरचुंडी तिने सोडली.

एकवीस दिवस झाले. उत्तर आलं नाही, जोंधळा मात्र वर आला. दोन महिन्यांनी कणसं भिंतीवरून डोकावायला लागली, तेव्हा कोल्होबाने खिडकीतून पाहिलं आणि त्याचा चष्मा पडला. सगळं उपटून टाका, असं त्याने फर्मावलं.

मुंगसाने नियमांचं पुस्तक आणलं. उभ्या पिकाला खात्याने हात लावायचा नाही, पीक निघेपर्यंत थांबायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. खाली कोल्होबाचीच सही होती.

"ठीक आहे," कोल्होबा म्हणाला. "थांबू."

जोंधळा कापला, तर खाली भोपळ्याचा वेल पसरलेला होता. भोपळे उतरवले, तर पानांखाली तूर आणि मटकी उगवून आलेली. मटकी निघाली, पण तूर उभी. आणि तूर निघायच्या आत पुन्हा जोंधळा वीतभर झालेला. कोल्होबा वर्षभर खिडकीत उभा राहिला. शेत मोकळं झालेलं त्याला एक दिवसही दिसलं नाही. सासूबाईंना कायद्याचं ज्ञान नव्हतं, पण त्यांचं वाक्य कायद्याला पुरून उरलं.

पुढे भोपळ्याचा वेल खिडकीतून आत शिरला आणि साहेबांच्या खुर्चीच्या पायाला लपेटला. भिंतींना ओल आली. मग कोल्होबाने कार्यालयासाठी नवी जागा शोधली. ओढ्याच्या अंगाला एक तुकडा रिकामाच होता. पाहणीत त्याने लिहिलं, 'कडक मुरूम. गवताची काडी उगवत नाही. खात्यासाठी अत्यंत अनुकूल.'

खातं तिकडे गेलं. जुनं कार्यालय कुणाला नको होतं, म्हणून कोंडाबाईने त्यात कडबा रचला.

दीड वर्षाने मुंगूस तिच्या अर्जाचं उत्तर घेऊन आला. त्याने ते खणखणीत वाचून दाखवलं. 'सदर माती अत्युत्तम आहे. ती जागेवर होती तशीच राहू द्यावी. कोणत्याही कारणास्तव कुणीही उकरू नये.'

कोंडाबाईने कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, फाडला, भिजवला आणि जोंधळ्याच्या धसकटांखाली सारला. कागद चांगला जाड होता. कुजायला दोन महिने लागले. खात्याचा मातीला झालेला तो पहिलाच उपयोग.

जाता जाता मुंगसाला तिने एक भोपळा दिला. सही न घेता.

तात्पर्य: माती जपावी, वाढवावी, कधी उघडी टाकू नये. आणि तपासायला कुणी आलं, तर शेजाऱ्याची दाखवावी.